नावात तारीख कशाला? (आयस्कझी, बीदर आणि आमचं अहमदपूर)

नॅसच्या डब्यावर आयस्कझी व्हॉल्यूम बनवायला घेतलं की एका पायरीला तो एक लांबलचक नाव दाखवतो. सुरुवातीला 'आयक्यूएन', मग टिंब, मग एक वर्ष आणि महिना, मग कुठल्यातरी कंपनीचं डोमेन उलटं लिहिलेलं, आणि अपूर्णविरामानंतर टार्गेटचं नाव. बहुतेक जण ते न वाचता 'पुढे' दाबतात आणि त्यात काही बिघडतही नाही. पण ते वर्ष-महिना तिथे काय करतंय? व्हॉल्यूम बनवल्याची तारीख म्हणावी तर ती कालची नसते. डबा कारखान्यातून बाहेर पडल्याची म्हणावी तर कधीकधी ती डब्यापेक्षा वीस वर्षं जुनी असते.

याचं उत्तर आयस्कझीच्या नियमावलीत सरळ लिहिलेलं आहे. पण मला ते पटलं अहमदपूरमुळे. म्हणून आजचा विकांताचा लेख जरा लांबचा वळसा घेणार आहे, मंडळी.

आधी हे आयस्कझी काय प्रकरण आहे ते. अहमदपूरला माझ्या चुलतभावाचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. चार संगणक, एक नॅस. नॅस म्हणजे नेटवर्कला लावलेला डिस्कांचा डबा. त्यावर शेअर फोल्डर करून सगळे फायली ठेवतात, पण त्याचं बॅकअपचं सॉफ्टवेअर शेअर फोल्डरला नाक मुरडतं. त्याला खरीखुरी डिस्क लागते, संगणकाला जोडलेली. आयस्कझी नेमकं हेच सोंग आणतं. डबा पलीकडच्या खोलीत, मध्ये साधी नेटवर्कची वायर, आणि संगणकाला वाटतं की डिस्क आपल्या पोटातच आहे.

फरक समजायला तहसीलचं रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. शेअर फोल्डर म्हणजे खिडकीवर जाऊन नक्कल मागणं. आत कुठल्या रॅकवर कुठला बस्ता आहे हे रेकॉर्ड कीपरला माहीत, तुम्हाला नाही. आयस्कझी म्हणजे त्याने तुम्हाला नंबर घातलेल्या कोऱ्या पानांचं एक रजिस्टरच हवाली करणं. पान क्रमांक १७ वाच, पान क्रमांक ४०२ वर हे लिही, एवढंच तुम्ही बोलायचं. कुठल्या पानावर काय आहे त्याची अनुक्रमणिका तुमची तुम्ही ठेवायची. डब्याला त्या पानांचा अर्थ कळत नाही आणि कळून घ्यायचाही नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पानं वाचण्या-लिहिण्याची ही भाषा म्हणजे स्कझी, आणि तिच्या जन्माची कथा नावांच्या घोळाचीच आहे. अॅलन शुगार्ट नावाच्या गृहस्थांनी १९७३ साली शुगार्ट असोसिएट्स काढली आणि पुढच्याच वर्षी ते त्यातून बाहेर पडले. १९७७ साली ती कंपनी झेरॉक्सने घेतली. म्हणजे नाव शुगार्टचं, मालक झेरॉक्स आणि खुद्द शुगार्ट भलतीकडेच. त्यांनी १९७९ मध्ये नवी कंपनी काढली, तिचं नावही शुगार्ट टेक्नॉलॉजी. जुन्या शुगार्टशी गल्लत नको म्हणून ते बदलावं लागलं. नवं नाव तुमच्या-आमच्या हार्ड डिस्कवर असतं: सीगेट.

इकडे जुन्या शुगार्टमध्ये लॅरी बाउचर या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली डिस्क आणि संगणक यांना जोडणारी एक पद्धत तयार झाली, 'सासी'. त्यातला पहिला 'एस' शुगार्टचा. अमेरिकेच्या प्रमाणीकरण समितीकडे ती गेली तेव्हा प्रमाणाच्या नावात एका कंपनीचं नाव कसं ठेवणार, म्हणून शुगार्ट गेला आणि 'स्मॉल कॉम्प्युटर' आलं. १९८६ साली स्कझी म्हणून प्रमाण मंजूर झालं. (उच्चार 'सेक्सी' व्हावा अशी बाउचरसाहेबांची इच्छा होती म्हणे. झाला 'स्कझी', ज्याचा इंग्रजीतला भाव 'कळकट'च्या आसपासचा. असो.)

त्या जुन्या स्कझीत पत्ता म्हणजे फक्त एक आकडा. एका जाड चपट्या केबलवर आठ जागा, शून्य ते सात. त्यातली एक संगणकाच्या कार्डाची, उरलेल्या सात डिस्कांच्या. डिस्कवर छोटी जंपरची पिन सरकवून तिचा आकडा ठरवायचा. केबल साधारण सहा मीटरपर्यंत, शेवटच्या टोकाला टर्मिनेटर लावायचा, नाहीतर सगळं रुसून बसतं. एका वाड्यात आठच खोल्या असतील तर 'तिसऱ्या खोलीतले' एवढा पत्ता पुरतो, तसलं हे. नाव-गाव-जिल्ह्याची गरजच नाही.

गरज पडली डिस्क वाड्याबाहेर गेल्यावर. नव्वदच्या दशकात फायबर चॅनल आलं. डिस्का वेगळ्या खोलीत, सर्व्हर वेगळ्या, मधे प्रकाशाची तार. झकास, पण महाग. कार्ड वेगळं, स्विच वेगळा, ते सांभाळणारा माणूसही वेगळा. मग आयबीएमच्या अल्माडेन (कॅलिफोर्निया) आणि हैफा (इस्राएल) इथल्या प्रयोगशाळांमध्ये काही लोकांनी विचार केला की स्कझीच्या आज्ञा सरळ टीसीपीच्या पाकिटात घालून साध्या नेटवर्कवरून पाठवल्या तर? हैफाचे ज्युलियन सॅट्रन यात पुढे होते. २००० साली आयबीएम आणि सिस्कोने मिळून मसुदा इंटरनेटच्या प्रमाणं ठरवणाऱ्या मंडळापुढे, म्हणजे आयईटीएफपुढे ठेवला. २००१ मध्ये आयबीएमने असा एक डबा बाजारातही आणला. पण प्रमाण पक्कं व्हायला २००४ चा एप्रिल उजाडला. आरएफसी ३७२०. त्यावर पाच नावं आहेत आणि त्यांत सॅट्रन यांच्याबरोबर मल्लिकार्जुन चदलापाका हेही नाव आहे. दहा वर्षांनी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, सुधारून एकत्र केलेली आरएफसी ७१४३ आली तेव्हा त्यांचं नाव पहिलं होतं.

तेव्हा शंकेखोर बरेच होते. टीसीपीत पाकिटं हरवतात, पुन्हा पाठवावी लागतात, त्यात प्रोसेसरचा घाम निघतो, यावर डिस्क चालवणार? शंका रास्त होती. म्हणून टीसीपीचं काम स्वतःकडे घेणारी खास कार्डं निघाली. त्यांतली एक कंपनी, अलाक्रिटेक, १९९७ साली कोणी काढली असेल? त्याच लॅरी बाउचरने! हा माणूस मला फार आवडतो. स्कझी केबलवर असताना तिची कार्डं विकायला अडॅप्टेक काढली (१९८१), फायली नेटवर्कवरून वाटायचे दिवस आले तेव्हा ऑस्पेक्स काढली (१९८७), आणि स्कझीच नेटवर्कवर चढू लागली तेव्हा तिथेही हजर. पुढे प्रोसेसरच इतके तगडे झाले की बहुतेकांना त्या कार्डांची गरज उरली नाही. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये आपला इनिशिएटर फुकट वाटायला सुरुवात केली आणि आयस्कझी छोट्या ऑफिसांपर्यंत पोचलं. अहमदपूरपर्यंत पोचलं ते अर्थात बऱ्याच उशिरा :-)

आता मूळ प्रश्न. केबलवर शून्य ते सात पुरत होते. जगभरच्या नेटवर्कवर डिस्कला काय म्हणायचं? आयपी पत्ता म्हणावं तर तो आज एक, उद्या दुसरा. डबा या खोलीतून त्या खोलीत नेला तरी बदलू शकतो. म्हणून नियम करणाऱ्यांनी नाव आणि पत्ता यांची फारकत केली. पत्ता बदलेल, नाव बदलणार नाही. नाव जगात एकमेव हवं, तर ते द्यायचा अधिकार कुणाला? ज्याच्याकडे डोमेन आहे त्याला. पण डोमेनचा मालकही बदलतो! कंपनी बुडते, विकली जाते, दुसराच कुणी ते डोमेन घेतो आणि तोही आपल्या डिस्कांना नावं द्यायला लागतो. शुगार्टची गोष्ट आठवा. एकच नाव, वेगवेगळ्या काळात वेगवेगळे मालक.

म्हणून तारीख. नावातलं वर्ष-महिना सांगतं की हे डोमेन *त्या* महिन्यात ज्याच्याकडे होतं, त्याने हे नाव दिलेलं आहे. नियम तर याहून काटेकोर आहे. ज्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, ग्रिनिच वेळेप्रमाणे रात्री १२ वाजून १ मिनिटाला, डोमेन तुमच्या ताब्यात होतं असा पहिला महिना शक्यतो लिहावा. मध्येच, पंधरा तारखेला मिळालं असेल तर पुढचा महिना. कारण पंधरा तारखेपर्यंत तो महिना दुसऱ्याचा असू शकतो.

हे वाचलं आणि मला आजोबांच्या ट्रंकेतले कागद आठवले.

आजोबांचा १९५३ चा शाळेचा दाखला आहे. त्यावर अहमदपूर, जिल्हा बीदर. त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेवर जिल्हा उस्मानाबाद. मतदार ओळखपत्रावर जिल्हा लातूर. माणूस एकच, घर तेच, दारातलं लिंबाचं झाडसुद्धा तेच. आजोबा कुठे गेले नाहीत, जिल्हे मात्र येऊन गेले.

आयटीतल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, "बीदर तर कर्नाटकात आहे ना?" हो, आता आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. बीदर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू असे तिन्ही भाषांचे तालुके एकत्र. राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ ला त्या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. खुद्द बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे गेले. नारायणखेड, जहीराबाद आंध्र प्रदेशात. आमच्या आत्याआजीचं सासर भालकीकडचं. एका रात्रीत तिचं माहेर परराज्यात गेलं, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

पुढे १ मे १९६० ला मुंबई राज्यातून महाराष्ट्र झाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये, महिन्याच्या मध्यावर, उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचं नावच धाराशिव झालं. गावाचं जुनं नाव राजूर, ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेच. (नाव आणि जागा यांचा संबंध आमच्याकडे एरवीही ढिलाच. 'लातूर रोड' नावाचं रेल्वे स्टेशन लातूरला नाही, चाकूर तालुक्यात आहे.)

तर मी बसून अहमदपूरला आयक्यूएन दिला, नियम पाळून:

आयक्यूएन.१९५६-११.उस्मानाबाद:अहमदपूर
आयक्यूएन.१९८२-०९.लातूर:अहमदपूर

पहिल्यात नोव्हेंबर, कारण पुनर्रचना अगदी पहिल्या तारखेला झाली. आपली मध्यरात्र ग्रिनिचच्या साडेपाच तास आधी येते, म्हणजे तिकडे १२ वाजून १ मिनिट व्हायच्या आतच अहमदपूर मुंबई राज्यात आलेलं होतं. दुसऱ्यात ऑगस्ट नाही, सप्टेंबर. १ ऑगस्ट १९८२ ला अहमदपूर अजून उस्मानाबादचंच होतं ना!

हसू नका, ही नुसती गंमत नाही. आपल्याकडे जात पडताळणीला पुरावा लागतो तो विशिष्ट तारखेआधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता या तीन तारखा आणि वरची दोन नावं शेजारी ठेवून बघा. पहिल्या तारखेला अहमदपूर हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. बाकीच्या दोन तारखांना उस्मानाबादमध्ये. लातूर यातल्या एकाही तारखेला जिल्हा नव्हता. आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा ऑनलाइन अर्जात आजोबांच्या कागदाचा जिल्हा म्हणून काय निवडतो? लातूर. कारण यादीत तेच आहे, आणि जिल्ह्याच्या रकान्याशेजारी 'कुठल्या साली' हा रकाना नाही. मग दाखल्यावर बीदर, अर्जात लातूर, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो की हे गाव वेगळं दिसतंय. त्याला १९५६ चा इतिहास समजावून सांगा, मागे पन्नास माणसांची रांग असताना. हा अनुभव आमच्या भागात नवा नाही. ज्यांनी आयस्कझीची नावं ठरवली त्यांनी ही अडचण २००४ सालीच ओळखून सात अक्षरांत मिटवली. चार आकडे वर्षाचे, एक आडवी रेघ, दोन महिन्याचे. सरकारी अर्ज बनवणाऱ्यांना ती अजून दिसलेली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बरं, आता चुलतभावाच्या डब्याकडे. काम तसं अर्ध्या तासाचं. डिस्कांचा पूल बनवायचा, त्यातून लन कापायचा (लन म्हणजे ते कोऱ्या पानांचं रजिस्टर), टार्गेट बनवायचं, लन त्याला जोडायचा. मग संगणकावर इनिशिएटर उघडून डब्याचा पत्ता द्यायचा, पोर्ट ३२६०. टार्गेटचं नाव दिसतं, 'कनेक्ट' म्हणायचं. कोरी डिस्क उगवते, ती फॉरमॅट करायची. झालं.

दोन ठिकाणी मात्र थांबून विचार करायचा. एक म्हणजे लन 'थिन' हवा की 'थिक', हा प्रश्न. थिन म्हणजे दोन टीबी कबूल करायचे, पण जागा लागेल तशी द्यायची. चार जणांना मिळून आठ टीबी कबूल, डब्यात प्रत्यक्षात चार. सगळे थोडं थोडं वापरतात तोवर छान. लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. मांजरा धरणावर शहर, कारखाने, शेती सगळ्यांचा हक्क कागदावर होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. आमचा लन थिक केला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. भाऊ म्हणाला, "दादा, चारी संगणकांना ही डिस्क जोड की, सगळेच वापरतील." इथे हात जोडले. डबा नाही म्हणणार नाही, चौघांनाही जोडून देईल. पण रजिस्टर एक आणि लिहिणारे चार तलाठी, प्रत्येकाची अनुक्रमणिका स्वतःच्या डोक्यात. एकाच्या हिशेबी पान ४०२ कोरं, दुसऱ्याने त्यावर मघाशीच फेरफार नोंदवलेला. पहिला त्यावर लिहून मोकळा. कुणालाच चूक दिसत नाही, प्रत्येकाला आपलं रजिस्टर बरोबरच वाटतं, आणि आठवड्याने सगळंच अगम्य होऊन बसतं. हे टाळणाऱ्या खास फाइल सिस्टिम्स असतात, मोठ्या क्लस्टरसाठी. करसल्लागाराच्या ऑफिसात ती भानगड नको. टार्गेटच्या सेटिंगमध्ये एकाच इनिशिएटरचं नाव परवानगीच्या यादीत घातलं, चॅपचा पासवर्ड लावला, डब्याला यूपीएस दिला (अहमदपूरची वीज!), आणि बाकीच्या तिघांना शेअर फोल्डर.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. पानं डब्यात, पण ती वाचायची रीत संगणकात. हा लन उद्या अशा संगणकाला जोडला ज्याला ती फाइल सिस्टिम कळत नाही, तर पानं सगळी जागेवर असतील आणि तो विचारेल, "डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू?" इथे 'हो' म्हणणाऱ्यांना देव वाचवो.

मराठवाड्याचं असंच झालेलं आहे. निजामाच्या काळातलं दप्तर बरंचसं उर्दूत. १९५६ ला तालुके इकडून तिकडे जोडले गेले, बस्ते राहिले, कामकाजाची भाषा मराठी झाली, आणि ते वाचणारी पिढी हळूहळू संपत आली. ७ सप्टेंबर २०२३ ला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली ती मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदींसाठी. तेव्हा तहसिलातहसिलांत बस्ते सुटले आणि उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण कुणाच्या मुलाची फी, कुणाची नोकरी एका ओळीवर अडलेली, ती ओळ समोर पडलेली, आणि खोलीतल्या कुणालाच ती वाचता येत नाही, हे चित्र तेव्हा गावोगाव होतं.

आमच्या ट्रंकेतही असा एक कागद आहे, शेताचा. आजोबांना उर्दू येत होतं, ते गेले. चुलतभावाने तो गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे नेला. वय नव्वदीच्या घरात, चष्मा जाड. त्यांनी कागद खिडकीकडे धरला आणि आधी कोपऱ्यातली तारीख वाचली: १३५१ फसली. म्हणजे त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. १९४१ किंवा १९४२. मग जिल्हा बीदर. मग पणजोबांचं नाव. भाऊ वहीत उतरवून घेत होता. मास्तर म्हणाले, "तारीख वरतीच लिही बाबा, नाहीतर बाकीचं कुणाला लागायचं नाही."